खिडकीतलं पाणी

लग्नानंतर शहापूरचा रविंद्र बायकोला घेऊन पहिल्यांदाच फिरायला निघाला तो थेट केरळात, कालव्यांच्या अलेप्पीला. हॉटेलची खोली बघून मात्र त्याचा चेहराच पडला. फोटोतली खोली कुठं, ही कुठं! चादरीला डाग, भिंतीला ओल, पंख्याची करकर. त्यातल्या त्यात खिडकी बरी होती. खाली काठोकाठ भरलेला कालवा.

सारिकानं एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि तडक बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. आतून नळाचा आवाज येतच राहिला. रडणं ऐकू येऊ नये म्हणून हिनं नळ सोडलाय, अशी रविंद्रची खात्रीच झाली.

"सारिका, रडू नको गो! आपण दुसरं हॉटेल बघू."

दार उघडलं. बादली, टमरेल, चहाची किटली, दोन्ही ग्लास, सगळं गळ्यापर्यंत भरलेलं.

"रडतंय कोण? पाणी भरतेय."

तेवढ्यात नळ खाकरला आणि बंद पडला.

"तुला कसं कळलं गो?"

"खिडकीतनं एवढं पाणी दिसलं, तवाच समजलं. अवो, माझ्या माहेरी ओटीवरनं अख्खं धरण दिसतं. नळाला थेंब नाय."