नाजूक त्रास

"नाजूक त्रास म्हणजे?" लुदिवियानं कागद टेबलावर आपटला. "काका, न्यायाधीशबाई विचारतायत. आता तुम्हीच सांगा त्यांना."

कोर्टासमोरच्या चौकात छत्रीखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्या एवेलिओकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. विमा कंपनीनं औषध नाकारलं की कोर्टात तुतेलाचा, म्हणजे हक्क मागण्याचा तातडीचा, अर्ज टाकायचा आणि दहा दिवसांत निकाल घ्यायचा, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि अर्ज लिहावा तर एवेलिओकाकांनीच. किडनी असो, मोतीबिंदू असो, तीस वर्षांत त्यांचा अर्ज परत आला नव्हता. हा आला. वर शेरा होता: कोणता त्रास? तीन दिवसांत स्पष्ट लिहा. आज तिसरा दिवस.

"बाईमाणसाबद्दल असलं उघडं कसं लिहायचं?" काका पुटपुटले. "मी आपली तुमची अब्रू राखली."

"अब्रू राखलीत आणि औषध घालवलंत!"

लुदिविया घाटात जीप चालवायची. आत शाळेची मुलं, टपावर कॉफीची पोती. गेले आठ महिने तिला धड झोप नव्हती. ऐन वळणावर अंगातून जाळ उठायचा, घाम डोळ्यांत उतरायचा आणि समोरचा रस्ता पुसून जायचा. परवा तर चाक थेट कड्यापाशी गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी अंगाला चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या लिहून दिल्या, पण कंपनीनं उलट टपाली कळवलं: हे वयाचं देणं आहे, आजार नव्हे. पट्ट्या मिळाल्या नाहीत तर महिनाअखेर किल्ली भावाच्या हातात ठेवायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तेवीस वर्षं ती किल्ली तिच्याकडे होती.

"लिहा," ती म्हणाली. "पाळी गेली."

काकांची बोटं हवेतच थांबली. "'ती अवस्था' असं लिहू?"

"पाळी! तुमच्या आईलाही येत होती."

रांगेत हशा पिकला. गुडघ्याच्या अर्जासाठी उभी असलेली, चौकात तळलेल्या एम्पनाडा विकणारी नोएमी नंबर सोडून पुढे सरसावली. "रात्री गादी भिजते, ते घाला की. मी तर नवऱ्याला ओसरीवर काढलाय."

"तुला निमित्तच हवं होतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"सांधे धरतात, तेही घाला."

"आणि चिडचिड?"

"चिडचिड नको," लुदिविया म्हणाली. "ती वयामुळे नाही, कंपनीमुळे आहे."

काका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते, पण टाइपरायटर चालू लागला. अर्धं पान झालं, मग दुसरं लागलं. हळूहळू त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. "घाम दिवसातून किती वेळा?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "नक्की सांगा. मोघम लिहिलं की कंपनीच्या वकिलाचं फावतं."

"बारा-पंधरा वेळा."

"पंधरा," काका म्हणाले आणि तो आकडा त्यांनी असा जोरात ठोकला की छत्रीखालचं टेबल हललं. अर्ज त्यांनी स्वतःच आत नेऊन दिला. पुढचे दहा दिवस ते रोज सकाळी कारकुनाच्या खिडकीशी जाऊन उभे राहत होते, आणि का आलात असं कुणी विचारलं तर शाई संपली म्हणून सांगत होते.

दहाव्या दिवशी बाजार होता. भर बाराला लुदिवियाची जीप माणसांनी खचाखच भरून चौकातून सुटली, तेवढ्यात कोर्टाच्या दारातून काका धावत बाहेर आले. बहात्तराव्या वर्षी त्यांना धावताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं. एका हातात टोपी, दुसऱ्यात निकालाचा कागद.

"लुदिवियाबाई! थांबा! जिंकलो!" ते बेंबीच्या देठापासून ओरडले. "कोर्टानं मान्य केलं! तुमची पाळी गेली!"

अख्खा बाजार वळून बघू लागला. पपई दाबून बघणारे पाद्रीबाबा पपई हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"अठ्ठेचाळीस तासांत पट्ट्या द्यायच्या! डॉक्टरीणबाई सांगतील तितके दिवस! नाही दिल्या तर मॅनेजर आत!"

लुदिवियानं करकचून ब्रेक दाबला. आनंदानं तिला क्षणभर काही दिसेना, आणि या वेळी डोळ्यांत उतरला तो काही घाम नव्हता. ती दार उघडून पायरीवर उभी राहिली. टपावर बसलेले, दांडीला लोंबकळणारे, सगळे तिच्याकडे बघत होते.

"पुन्हा एकदा सांगा, काका," ती ओरडली. "मागे लटकलेल्यांना ऐकू गेलं नाही!"