भांडायला कुणीतरी

आम्ही नवराबायको खुर्च्या डिझाइन करतो. हल्ली ही नवं चित्र आधी त्या एआयला दाखवते. टाइप करता करता हसते, चिडते, खोडते, आणि मी समोरच्या टेबलावर बसून जळत असतो. माझा नंबर सगळ्यात शेवटी. तरी मी मोठ्या मनानं 'छान' म्हणतो.

आज ती चहा आणायला उठली आणि मी तिच्या स्क्रीनमध्ये डोकावलो. त्यानं लिहिलं होतं, 'पाठ फार ताठ झालीये गं. खुर्ची बघणाऱ्यासाठी नसते, बसणाऱ्यासाठी असते. खोड ते!'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, हे माझं वाक्य आहे! चोरलंय त्यानं!"

"चोरलं नाही, मी दिलंय," कप ठेवत ती म्हणाली. "लग्नाआधीचे तुझे सगळे मेसेज दिलेत त्याला. म्हटलं, माझ्याशी असाच भांडत जा."

"मग मलाच विचारायचंस की!"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बरं, तू सांग. कशी झालीये?"

माझी नजर अजून त्याच्या त्या वाक्यावरच होती.

"छान," मी म्हणालो.