भोंगा

हळदीच्या मांडवात आधारने वर्षभर खपून जुळवलेली कॅसेट लावली. विलायती नाचगाण्यांचे निवडून निवडून काढलेले तुकडे. गळा कमी, यंत्रांचा खडखडाटच जास्त. धुळ्यात असलं कुणी ऐकलं नव्हतं. पोरं बेभान नाचू लागली.

तेवढ्यात मगन धावत आला. "आधार, बंद कर! तुना बाप ई ऱ्हायना!"

कापडाच्या मिलमध्ये मागाचे साचे चालवण्यात आधारच्या वडिलांचा, वनाआबांचा जन्म गेला होता, आणि मिलला टाळं लागल्यापासून त्यांना कसलंही गाणं खपत नसे. मागचा डेक त्यांनी काठीने फोडला होता. आधारने बटणावर बोट ठेवलं, पण तोवर आबा मांडवात शिरलेही होते. नाच थांबला, कॅसेट तेवढी धडधडत राहिली.

आबांकडे काठी नव्हती. अंगात मिलचा खाकी सदरा होता आणि हातात जेवणाचा डबा. कर्ण्याला कान लावून ते क्षणभर उभे राहिले. मग लेकाकडे वळून घाईघाईने म्हणाले, "मिल चालू व्हयनी, अन् माले कोनी सांगं नही? भोंगा कव्हय वाजना रे?"