दुहेरी वीण

गेम ऐन रंगात आला की पडदा काळा व्हायचा आणि कॉम्प्युटर बंद पडायचा. दुकानात आणला की मात्र तोच शहाण्या बाळासारखा दिवसभर चालायचा. पुन्हा तीच तक्रार आली तेव्हा दुरुस्तीवाला वैतागून थेट गिऱ्हाइकाच्या घरीच गेला, आणि दारातूनच त्याला रोग दिसला. कॅबिनेटला वरपासून खालपर्यंत लोकरीचा स्वेटर घातला होता. पुढे चार बटणं, चारही लावलेली.

"अहो, आत ग्राफिक्स कार्ड उकडून निघतंय! हे काढा, विषय संपला."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," गिऱ्हाईक हळूच म्हणालं. "सासूबाईंनी विणलाय. त्यांना सांगायला कोणीतरी जाणकार माणूस हवा होता."

"एवढ्याशा गोष्टीला घाबरता? बोलवा त्यांना."

सासूबाई विणकाम हातात घेऊनच बाहेर आल्या.

"सापडलं का हो काही? मला वाटतं, जाळीतून धूळ जात असणार. म्हणून आता दुहेरी वीण घातलीये. डोळे साथ देत नाहीत, तीनदा उसवून पुन्हा विणलं. पण जावईबापूंचा जीव आहे ना त्या कॉम्प्युटरवर!"

दुरुस्तीवाल्याने जावयाकडे पाहिलं. मग सुयांकडे. मग घसा खाकरला.

"वीण झकास आहे, काकू," तो म्हणाला. "कार्डच कच्च्या दिलाचं निघालं."