क्रेनचं ओके

"लग्न करशील का माझ्याशी?" सिग्नलवाल्याने वायरलेसवर विचारलं, आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये चिमणीचा हात दांड्यावर तसाच राहिला.

खरं तर विचारायचं होतं, टाकी उचलायची का. खाली पाण्याची टाकी साखळ्या बांधून तयार होती. या बांधकामावरचं हे शेवटचं वजन. उद्या क्रेन खोलून दुसऱ्या गावी जाणार, आणि तिच्याबरोबर ती चालवणारी चिमणीही. एवढ्या उंचावर बसते म्हणून नाव चिमणी. बाकी बाई चांगली खमकी होती.

दोन वर्षं ही दोघं एकाच शब्दावर बोलत आली होती. वायरलेसवर फालतू गप्पांना बंदी, म्हणून सगळा कारभार 'ओके'वर. ठसक्यात ओके म्हणजे उचल. दोनदा ओके म्हणजे थांब, बाई, भिंतीला लागेल. सुस्कारा टाकून ओके म्हणजे जेवायची वेळ झाली. आणि काम सुटताना हळूच एक ओके यायचं, त्याचा कामाशी काडीचा संबंध नसायचा. ते ऐकून चिमणी वर एकटीच लाजायची. पण त्या ओकेच्या पुढे गडी कधी सरकला नाही. आज सरकला तो असा, अख्ख्या साइटच्या कानात!

कारण वायरलेस सगळ्यांकडे होता. स्टोअर सांभाळणाऱ्या तिच्या बाबांकडेही. त्या हळूच ओकेचा अर्थ बाबांनी केव्हाच ओळखला होता, आणि या स्थळाला त्यांचा ठाम नकार होता. नेलेला पाना ज्याला परत करता येत नाही, तो माझी मुलगी काय सांभाळणार, असं ते रोज जेवताना ऐकवायचे.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. "गेट, ओके."

साइटचा नियमच होता. वजन उचलण्याआधी सिग्नलवाल्याने विचारायचं, मग प्रत्येक कोपऱ्याने ओके द्यायचं, सगळ्यात शेवटी क्रेनने. एकाचंही राहिलं तर काही हलवायचं नाही. गेटवरचे काका प्रश्न न ऐकताच उत्तर द्यायचे, तसंच आजही दिलं. पण वेल्डरांनी नीट ऐकलं होतं. त्यांनी तीनतीनदा ओके दिलं. मग सुतारांनी. मग गवंड्यांनी, एका सुरात. इंजिनिअर साहेबांनी घसा साफ करून अगदी कामाच्या आवाजात दिलं. हसून हसून चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

उरलं स्टोअर. साइटवर एकही हातोडा वाजेना. खाली सिग्नलवाला हिरवी झेंडी छातीशी धरून उभा होता. बाबा नाही म्हणाले तर? चिमणीचं हसू आटलं.

"स्टोअर, ओके," बाबांचा आवाज आला. "पाना संध्याकाळी घेऊन ये. घरी."

खाली एकच गलका झाला. हेल्मेटं हवेत उडाली. चिमणी बसल्या जागी टाळ्या पिटत होती. सिग्नलवाला मात्र हलेना. मान वर करून तसाच उभा.

पुन्हा बाबांचाच आवाज आला. "अगं पोरी, आमचं सगळ्यांचं झालं. क्रेनचं राहिलंय."

चिमणीने बटण दाबलं. दोन वर्षं हर कामाला पुरलेला तो एवढासा शब्द आज काही केल्या पुरेना. तिने वायरलेस बाजूला ठेवला, क्रेनचा भोंगा दाबला, आणि दाबूनच धरला.