खांद्यावरचं गाणं

तीस वर्षं दुसऱ्यांसाठी कंट्री गाणी लिहिणारा, त्यांचे अल्बम घडवणारा व्हर्नन १९८४ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत स्वतःचा पहिला अल्बम रेकॉर्ड करत होता. सकाळपासून तो वैतागला होता. त्याचंच सगळ्यात गाजलेलं गाणं त्याला जमत नव्हतं. दर वेळी ते गाजवणाऱ्या गायकाचीच नक्कल होत होती. "डेल, लय पळवतोयस," तो ड्रम वाजवणाऱ्या मुलावर खेकसला. "तुमच्यामागेच पळतोय, डॅड." "मग मी हे मुळात गायचो कसं? आठवतच नाही." काचेपलीकडे सँडविच घेऊन आलेल्या बायकोने माइकचं बटण दाबलं. "अगदी हळू गायचास. डेलला दात येत होते. तुझ्या खांद्यावर रडून रडून नुकताच झोपलेला असायचा." डेलने काठ्या खाली ठेवल्या. हेडफोन काढून व्हर्नन कुणाची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात गाऊ लागला.