ओळख पटली नाही

ओळखपत्र कार्यालयातल्या यंत्राने मुकुंद केंजळ्यांना तिसऱ्यांदा नाकारलं. ठसे आता कुणी घेत नसे. माणूस फोनवर कुठलं ॲप कधी उघडतो, यावरूनच त्याची ओळख पटायची.

“दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीतले केंजळे दिवसभर रमी खेळतात,” कारकून म्हणाला. “तुम्ही तर कानडी शिकताय. दोन डाव खेळा, यंत्र लगेच ओळखेल.”

फक्त दोन डाव. हेच तर ते घरी वर्षानुवर्षं सांगत आले होते.

“तीन वर्षांपूर्वी सोडली ती सोडली,” केंजळे म्हणाले. “नवीन नोंद करा.”

“मग साक्षीदार लागेल.”

बायको, शालन, पुढे झाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

“यांना किती वर्षं ओळखता?” कारकुनाने विचारलं.

“तीन,” म्हणत शालनने ताठ मानेने सही ठोकली.